‘मागचे विसरा’ म्हणण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘झालं गेलं विसर आणि प्रभूकडे पाहा’ हा सल्ला ख्रिस्ती घरांत, प्रार्थनासभांत, व्यासपीठावरून इतक्या वेळा दिला जातो की तो अपुरा असू शकतो हे कुणाच्या मनातही येत नाही. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ज्याला सल्ला मिळतो तो माणूस घरी जातो, विसरायचा मनापासून प्रयत्न करतो, रात्री दोन वाजता तेच सगळे पुन्हा डोळ्यांसमोर येते, आणि आधीच्या ओझ्यावर आणखी एक ओझे चढते. आपला विश्वासच कमी पडतो आहे, असे त्याला वाटू लागते. हे दुसरे ओझे आपण, म्हणजे मंडळीने (चर्चने), त्याच्या पाठीवर ठेवलेले असते. म्हणून हे पत्र.

या सल्ल्याला आधार म्हणून बहुधा फिलिप्पैकरांस पत्राच्या ३ऱ्या अध्यायातले १३वे वचन पुढे केले जाते. मागचे मागे टाकून पुढच्याकडे झेपावत मी धावतो, असे प्रेषित पौल तिथे सांगतो. वचन खरेच आहे. पण त्याच अध्यायात जरा वर, ५व्या आणि ६व्या वचनांत, हाच पौल आपला भूतकाळ ओळीने मोजून दाखवतो : आठव्या दिवशी सुंता, बन्यामिनाचा वंश, परूशी, मंडळीचा छळ करणारा. तो काहीही विसरलेला नाही. स्तेफनाला दगडमार होत असताना मारेकऱ्यांची वस्त्रे आपण राखली, हेही त्याने पुढे यरुशलेमेत भर जमावासमोर स्वतःच्या तोंडाने सांगितले (प्रेषितांची कृत्ये २२:२०). शिवाय मूळ ग्रीकमधले क्रियापदाचे रूप चालू क्रियेचे आहे. एकदा विसरलो आणि सुटलो असा त्याचा अर्थ होत नाही. धावता धावता पुन्हा पुन्हा मागे टाकत जाणे, असा होतो. चित्र शर्यतीचे आहे. धावणाऱ्याच्या मागचा रस्ता नाहीसा झालेला नसतो. त्याच्याकडे पाहून तो आपली दिशा ठरवत नाही, इतकेच.

देव पापांचे स्मरण करणार नाही, हे यिर्मयाच्या ३१व्या अध्यायातले अभिवचन इब्री लोकांस पत्रात पुन्हा येते. त्यावरूनही गैरसमज होतो. पवित्र शास्त्रात ‘स्मरण’ ही बहुतेक वेळा कृती असते. देवाने नोहाचे स्मरण केले (उत्पत्ती ८:१), म्हणजे आधी देवाला नोहाचा विसर पडला होता असे कुणी म्हणत नाही; देवाने त्याच्यासाठी पाऊल उचलले, असा त्याचा अर्थ. तसेच स्मरण न करणे म्हणजे तो आरोप पुन्हा बाहेर न काढणे. आठवण पुसली जाईल असे वचन त्यात नाही. आणि जोर लावून पुसायला गेले तर काय होते, हे १९८७ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेगनर यांच्या प्रयोगात स्पष्ट दिसले. पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, असे लोकांना सांगितले; अस्वल मनात येतच राहिले, आणि मनाई उठवल्यावर तर ज्यांना मनाई नव्हती त्यांच्यापेक्षाही जास्त वेळा आले.

मग सोडायचे कसे? आधी काय सोडायचे ते वेगळे काढावे लागते. भूतकाळ हा शब्द एक, पण त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. मी केलेले, माझ्यावर केले गेलेले, आणि माझ्याकडून हरवलेले. पहिल्याला पश्चात्ताप लागतो, दुसऱ्याला क्षमा, तिसऱ्याला शोक. बहुतेकांची गाडी अडते ती इथे. लहानपणी ज्याच्यावर अत्याचार झाला तो वर्षानुवर्षे पश्चात्ताप करत राहतो, जणू त्यानेच काही केले. ज्याने भावाला फसवले तो ‘मी स्वतःला क्षमा केली’ म्हणून मोकळा होतो. (स्वतःच स्वतःला क्षमा केल्याचे उदाहरण पवित्र शास्त्रात नाही, क्षमा मिळते, घेतली जाते.) आणि जोडीदार गमावलेल्या माणसाला, त्याने काहीच वाईट केलेले नसताना, ‘आता सोड ते’ असे पापाबद्दल बोलावे तसे बोलले जाते.

त्यासाठी साधा कागद घ्यावा. एका कागदावर एकच प्रसंग. बसायचे ते पंधरा-वीस मिनिटे, त्याहून जास्त नाही. असे सलग तीन किंवा चार दिवस. हे प्रमाण १९८०च्या दशकात जेम्स पेनबेकर यांनी केलेल्या लेखनाच्या प्रयोगांतून आलेले आहे आणि ते व्यवहारात नीट चालते. लिहून उठल्यावर लगेच मन जड होते. ते अपेक्षित आहे, तास-दोन तासांत ओसरते. म्हणून झोपण्याच्या आधी लिहू नये. आरंभी आणि शेवटी एखादे स्तोत्र मोठ्याने वाचावे, ५१वे किंवा ३२वे. पाप दाबून ठेवले तेव्हा माझी हाडे झिजली, असे दावीद ३२व्यात म्हणतो. गप्प राहण्याचा शरीरावर होणारा परिणाम इतक्या थोड्या शब्दांत क्वचितच कुणी सांगितला असेल.

लिहिताना आपली भाषाच आपल्याला पळवाट काढून देते, याकडे फार बारकाईने पाहावे लागते. ‘माझ्या हातून चूक झाली.’ ‘रागाच्या भरात बोललं गेलं.’ ‘आईकडे बघायचं राहूनच गेलं.’ ही वाक्ये ऐकायला नम्र वाटतात, पण त्यांत करणारा कुठेच नाही. चूक आपली आपण झाली, शब्द आपले आपण तोंडातून निघाले, कर्तव्य आपले आपण राहून गेले. येशूच्या दाखल्यातल्या उधळ्या पुत्राने डुकरांच्या कळपाशेजारी बसून बापासाठी जे वाक्य जुळवले ते पाहा : ‘मी स्वर्गाविरुद्ध आणि तुमच्याविरुद्ध पाप केले आहे.’ कर्ता, कर्म, क्रियापद, आणि कुणाविरुद्ध तेही. म्हणून कागदावरचे प्रत्येक वाक्य ‘मी’ किंवा ‘मीच’ने सुरू करायचे आणि क्रियापदावर संपवायचे. ‘मी बहिणीच्या वाट्याचे पैसे ठेवून घेतले आणि बाबांनी मलाच दिले असे तिला सांगितले.’ ‘पण’ आला की वाक्य तिथेच थांबवायचे. ‘पण’नंतर जे येते ते खरेही असू शकते; ते दुसऱ्या कागदावर जाते, कारण ते बहुधा दुसऱ्या कुणी आपल्यावर केलेले असते. एका कागदावर दोन्ही मिसळले की पश्चात्तापही होत नाही आणि क्षमाही नाही, नुसती तक्रार होते.

कबुली कुणाजवळ द्यायची, हा पुढचा प्रश्न. येशूला ३० रुप्यांसाठी धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योताची गोष्ट इथे नीट वाचायला हवी. त्याला वाईट वाटले, त्याने ते ३० रुपे परत नेले, ‘मी पाप केले आहे’ हे शब्दही तो बोलला (मत्तय २७:३-५). कबुली दिली, रक्कमही परत केली. पण गेला कुणाकडे? मुख्य याजकांकडे, आणि त्यांनी त्याला, आम्हाला काय त्याचे, तुझे तू पाहा, असे म्हणून वाटेला लावले. त्यानंतर तो एकटाच निघून गेला आणि त्याने गळफास घेतला. आदल्या रात्री पेत्रानेही प्रभूला नाकारले होते, तोही ढसढसा रडला होता. पण तो इतर शिष्यांबरोबर राहिला. ज्याच्याशी बोलायचे त्याची निवड किती जिवाची असते, ते या दोघांकडे पाहून कळते.

कॅथलिक परंपरेत यासाठी समेटाचा संस्कार आहे. विवेकबुद्धीची तपासणी, मनापासूनचा अनुताप, धर्मगुरूजवळ पापांगीकार, पापक्षमा आणि नेमून दिलेले प्रायश्चित्त, असा त्याचा क्रम. धर्मगुरूला तिथे ऐकलेले कुठल्याही कारणाने, कुठल्याही प्रकारे उघड करता येत नाही. १९८३च्या धर्मसंहितेतला ९८३वा नियम त्यासाठी आहे. प्रोटेस्टंट मंडळ्यांत आपण थेट देवाजवळ कबुली देतो, योहानाच्या पहिल्या पत्रातले १:९ सर्वांना पाठ असते. पण याकोबाच्या पत्रातले ५:१६, एकमेकांजवळ पापे कबूल करा, हे वचन आपल्याकडे जवळजवळ वापरातच नाही, आणि मला वाटते, आपल्यातले पुष्कळ जण वर्षानुवर्षे त्याच त्या पापाची क्षमा मागत राहतात त्याचे हेही एक कारण आहे. क्षमा झाली हे त्यांनी दुसऱ्या माणसाच्या तोंडून, आपल्या कानांनी कधी ऐकलेलेच नसते. ऐकणारा निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात : तो इतरांच्या गोष्टी तुम्हाला सांगत नाही ना (सांगत असेल तर तुमचीही सांगेल), त्या प्रसंगात त्याचा स्वतःचा काही हितसंबंध नाही ना, आणि ऐकून तो ‘अरे, एवढं काय त्यात’ म्हणणारा नाही ना. पाप हलके करून दाखवणारा माणूस क्षमाही हलकी करतो.

आता भरपाई. कृपेवर विश्वास ठेवणाऱ्यांना हा विषय अडचणीचा वाटतो, जणू भरपाई केली तर क्रूसावरचे काम अपुरे ठरेल. तसे नाही. लेवीयाच्या ६व्या अध्यायात नियम स्पष्ट आहे : जे घेतले ते पुरते परत करायचे आणि त्यावर पाचवा हिस्सा जास्त द्यायचा. शंभर घेतले असतील तर एकशे वीस. आणि दोषार्पण आणण्याच्या दिवशीच ते ज्याचे त्याला द्यायचे. गणनाच्या ५व्या अध्यायात पुढची अडचणही सोडवली आहे : ज्याचे घेतले तो नसेल तर त्याच्या जवळच्या नातलगाला, तोही नसेल तर याजकाकडे, परमेश्वराप्रीत्यर्थ. जकातदार जक्कयाने तर स्वतःला मेंढरू चोरून विकणाऱ्याचा दर लावला, चौपट; निर्गमच्या २२व्या अध्यायात तो दर आहे. येशूने त्याला तसे करायला सांगितलेले नव्हते. येशू आधी त्याच्या घरी गेला, मग जक्कय ताठ उभा राहून हे बोलला. आधी कृपा आली, मग हिशेब, हा क्रम लक्षात राहिला की भरपाई ओझे वाटत नाही.

एक व्यावहारिक सूचना. लिहिलेले कागद जाळून टाकण्याची किंवा क्रूसाला टाचण्याची प्रथा शिबिरांतून असते, आणि ती चांगली आहे. कलस्सैकरांस पत्राच्या २ऱ्या अध्यायात पौल ज्या लेखाबद्दल बोलतो, जो प्रभूने क्रूसाला खिळला, त्यासाठीचा ग्रीक शब्द स्वतःच्या हाताने लिहून दिलेल्या कर्जरोख्याचा आहे. पण कुणाला काय द्यायचे, कुणाची माफी मागायची, ते देणे-घेणे पुरे होण्याआधी कागद जाळू नका. शिबिराच्या शेवटच्या रात्री सगळे भावनेच्या भरात जळून जाते आणि सोमवारी रक्कम, नावे, तारखा यांतले काहीच हाती राहत नाही. आधी भरपाईची यादी वेगळी उतरवून घ्या. आणि तोवर कागद घरातल्या कुणाच्या हाती पडणार नाही अशा जागी ठेवा. न बोललेली गोष्ट कपाटात सापडण्याने जे नुकसान होते ते बोलून झालेल्या नुकसानापेक्षा जास्त असते.

माफी मागण्याचे वाक्यही आधी लिहून काढावे. ‘तुझं मन दुखावलं असेल तर माफ कर’ या वाक्यात ‘असेल तर’ने सगळ्यावर पाणी फिरते. दुखावले आहे, म्हणून तर आपण आलो. काय केले ते नाव घेऊन सांगावे, त्याने समोरच्याचे काय झाले ते जितके आपल्याला कळले तितके सांगावे, भरपाईचे बोलावे, आणि थांबावे. आपली कारणे सांगू नयेत. लगेच क्षमा कर, असा आग्रहही धरू नये. ज्याने घाव सोसला त्याला त्याचा वेळ लागणार. पाच मिनिटांत होणारे हे बोलणे आहे. तासभर चालले तर समजावे की आपण माफी मागायच्या ऐवजी सांत्वन मागायला बसलो आहोत. आणि काही वेळा जाऊच नये. मद्यपाशातून सुटलेल्यांची जी बारा पायऱ्यांची वाट १९३९ मध्ये छापली गेली आणि जिची मुळे ख्रिस्ती प्रार्थनागटांत आहेत, तिच्या नवव्या पायरीत ही अट घातलेली आहे : समोरच्याला किंवा इतरांना त्यातून इजा होणार असेल तर थेट भरपाई करायची नाही. आपले मन हलके करण्यासाठी दुसऱ्याचा शांत संसार उधळून लावणे हा पश्चात्ताप नव्हे. अशा वेळी आधी पाळकाशी बोलावे.

क्षमा झाली म्हणजे परिणामही टळले, असे मात्र नाही. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला ‘परमेश्वराने तुझे पाप दूर केले आहे’ असे सांगितले त्याच श्वासात परिणामही सांगितले. शिक्षा, तुटलेले लग्न, गेलेली नोकरी हे सगळे क्षमेनंतरही उरू शकते. ते उरले म्हणजे क्षमा मिळाली नाही, असा निष्कर्ष काढून माणसे खचतात. परिणाम भोगणे ही वेगळी गोष्ट, दोषी ठरणे ही वेगळी. ‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत लिहिणारे इंग्रज पाळक जॉन न्यूटन यांचा विश्वासाकडे वळण्याचा आरंभ १७४८च्या वादळात झाला, पण त्यानंतरही १७५४पर्यंत ते गुलामांच्या जहाजांवर काम करीत राहिले. त्या व्यापाराविरुद्ध स्वतःच्या सहभागाची उघड कबुली देणारी पुस्तिका त्यांनी लिहिली १७८८ मध्ये, म्हणजे वादळानंतर ४० वर्षांनी, आणि ही कबुली फार उशिरा येते आहे हेही त्यात लिहिले. पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष दिली. तो व्यापार बंद करणारा कायदा १८०७ मध्ये झाला, आणि त्याच वर्षी ते गेले. त्यांनी भूतकाळ सोडला तो पुसून नव्हे. जहाजांवर काय चालते हे त्यांना ठाऊक होते, म्हणूनच त्यांची साक्ष कामाची ठरली.

कबुली, क्षमा, भरपाई सगळे झाले तरी मन टोचत राहते, अशी तक्रार सर्वांत जास्त असते. इथे एक परीक्षा उपयोगी पडते. पवित्र आत्मा दोष दाखवतो तेव्हा तो नेमका असतो : हे वाक्य, ही रक्कम, हा माणूस, आणि पुढे करायचे काही असते. दोष देणारा सैतान, ज्याला प्रकटीकरणाच्या १२व्या अध्यायात आपल्या बंधूंना दोष देणारा म्हटले आहे, तो मोघम बोलतो : ‘तू तसाच आहेस, तुझ्याने काही होणार नाही’, आणि त्यावर करण्यासारखे काहीच नसते. करण्यासारखे काही असेल तर करा. काहीच उरले नसेल तर त्या आवाजाशी वाद घालत बसू नका. कबुलीची तारीख मोठ्याने सांगा आणि उठून हातातल्या कामाला लागा. तेच पाप पुन्हा पुन्हा कबूल करण्याची सवय लागली असेल, तर जुने आध्यात्मिक मार्गदर्शक एकच उपाय सांगत आले आहेत : एकाच धर्मगुरूकडे किंवा पाळकाकडे जा, आणि एकदा कबूल केलेले पुन्हा कबूल करू नका. तेवढ्याने थांबले नाही तर तो मनाचा आजारही असू शकतो, आणि त्यावर डॉक्टरी उपचार आहेत.

प्रभूने पेत्राला कसे सोडवले ते योहानाच्या २१व्या अध्यायात आहे. पेत्राने नाकारले ते अंगणात, कोळशाच्या शेगडीजवळ शेकत असताना. कोळशाच्या विस्तवासाठीचा तो ग्रीक शब्द सबंध नव्या करारात दोनदाच येतो : एकदा त्या अंगणात, आणि एकदा पुनरुत्थानानंतर तिबिर्या सरोवराच्या काठी, जिथे येशूने स्वतः विस्तव पेटवून त्यावर मासळी ठेवली होती. तोच धूर, तोच वास. प्रभूने पेत्राला त्या रात्रीपासून दूर नेले नाही, त्या रात्रीशेजारी आणून बसवले. आणि आधी न्याहारी करू दिली. प्रश्न आले ते खाणे झाल्यावर. जितक्या वेळा नाकारले तितक्याच वेळा, तीनदा, ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ आणि प्रत्येक उत्तरानंतर काम सोपवले : माझी कोकरे, माझी मेंढरे. भुकेल्या, दमलेल्या माणसाशी त्याच्या भूतकाळाबद्दल बोलू नये, हे समुपदेशनातले पहिले पथ्य तिथेच सापडते.

आता दुसरा कागद, आपल्यावर झालेल्या अन्यायाचा. मत्तयाच्या १८व्या अध्यायातल्या दाखल्यात राजा आपल्या चाकराचे कर्ज सोडतो, पण आधी हिशेब घेतो. आकडा उच्चारला जातो. दहा हजार तालांत. एक दीनार म्हणजे दिवसाची मजुरी, आणि एका तालांतात सुमारे ६,००० दीनार. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. त्या चाकराचे त्याच्या सोबत्याकडे होते १०० दीनार. हा फरक सहा लाखांस एक असा आहे, आणि प्रवचनात आपण एवढेच सांगतो. पण १०० दीनार म्हणजेही शंभर दिवसांची मजुरी, तीन महिन्यांहून जास्त. येशूने ते देणे क्षुल्लक ठरवलेले नाही. म्हणून ‘एवढं काय मनाला लावून घेतेस’ असे कुणाला म्हणू नये. आधी त्याचे देणे पुरते मोजू द्यावे : काय गेले, किती वर्षे गेली, झोप गेली, माणसांवरचा विश्वास गेला. न मोजलेले कर्ज सोडता येत नाही. माफ केले म्हणायचे आणि दर सहा महिन्यांनी त्यातला नवा हप्ता वसूल करायचा, असे होत राहते.

ख्रिस्ती मानसशास्त्रज्ञ एव्हरेट वर्दिंग्टन क्षमेचे दोन भाग सांगतात, निर्णयाची क्षमा आणि भावनेची क्षमा. सूड घेणार नाही, हे देणे देवाकडे सोपवले (रोमकरांस १२:१९), हा निर्णय एका दिवसात होऊ शकतो. भावना मागाहून, आपल्या गतीने येते. निर्णयाच्या दिवशी कागदावर तारीख आणि दोन ओळी लिहून ठेवाव्यात, आणि राग पुन्हा उसळला की ‘मी क्षमा केलीच नाही’ असे न समजता त्या ओळी वाचाव्यात. साताच्या सत्तर पट म्हणताना प्रभूच्या मनात नवनवे अपराध असतील. पण एकाच अपराधाची आठवणही तितक्या वेळा येते, आणि प्रत्येक वेळी तोच निर्णय पुन्हा लागू करावा लागतो.

क्षमा, विश्वास आणि समेट यांना एकाच मापाने मोजू नये. योसेफ १७ वर्षांचा असताना भावांकडून विकला गेला, ३०व्या वर्षी मिसरच्या (इजिप्तच्या) राजापुढे, फारोपुढे, उभा राहिला, आणि भाऊ पुढ्यात आले तेव्हा त्याच्या थोरल्या मुलाचे नाव मनश्शे होते, ‘विसर पाडणारा’. तरी भावांना पाहून तो आतल्या खोलीत जाऊन रडला. आणि त्यांना जवळ घेण्याआधी त्याने त्यांची पारख केली : शिमोनाला अडकवून ठेवले, बन्यामिनाच्या गोणीत रुप्याचा पेला ठेवला. ज्या भावाने, यहूदाने, त्याला विकण्याची कल्पना काढली होती तोच बन्यामिनाऐवजी गुलाम व्हायला पुढे झाला, तेव्हा योसेफाने ओळख दिली. पुढे त्यांचा बाप याकोब मिसरात १७ वर्षे जगला, आणि तो वारल्यावर भाऊ पुन्हा घाबरले : आता हा सूड घेईल. १७ वर्षे त्याच्या आश्रयाला राहूनही आपल्याला क्षमा झाली यावर त्यांचा विश्वास बसलेला नव्हता. क्षमा करणाऱ्याचे काम संपले तरी घेणाऱ्याचे बाकी राहू शकते.

म्हणून मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना हात जोडून विनंती आहे. मारझोड करणाऱ्या नवऱ्याकडे, अत्याचार करणाऱ्या नातेवाइकाकडे ‘क्षमा कर आणि परत जा’ असे कुणालाही सांगू नका. क्षमा मनातून करता येते. एका छताखाली राहायला समोरच्याच्या बदलाचा पुरावा लागतो, आणि तो काही महिने, कधी काही वर्षे पाहावा लागतो. गुन्हा घडला असेल तर तक्रार करणे हे क्षमेच्या विरुद्ध नाही. पीडिताला आणि अपराध्याला एकाच खोलीत बसवून प्रार्थना करवून घेऊ नका. आणि दुःस्वप्ने, दचकून उठणे, तो प्रसंग पुन्हा घडतो आहे असे वाटणे हे महिनाभराहून जास्त चालू असेल, तर त्या व्यक्तीला प्रार्थनेबरोबरच मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, आणि ते अविश्वासाचे लक्षण नाही हे तिला स्पष्ट शब्दांत सांगा.

तिसऱ्या कागदाबद्दल थोडे. हरवलेल्या गोष्टींत दुःखे असतात, तसे जुने वैभवही असते. पौलाने मागे टाकले त्यात छळवाद होता, तितकाच मानही होता. लाभाच्या गोष्टी मी हानी समजलो, असे तो म्हणतो. पूर्वीचे पद, पूर्वीची मंडळी, पूर्वीचे आरोग्य हे सोडणे पाप सोडण्यापेक्षा अवघड जाते. आठवण इथे निवडून निवडून घास देते. अरण्यात इस्राएलांना मिसरातली मासळी, काकड्या, कलिंगडे, कांदे, लसूण आठवले (गणना ११:५). गुलामीत थापलेल्या विटा आठवल्या नाहीत. म्हणून या कागदावर गेलेल्या दिवसांतले चांगले लिहिताना त्याच दिवसांतल्या विटाही लिहाव्यात. माणूस गेला असेल तर मात्र घाई नको. देवाने नाकारलेल्या शौल राजासाठी तू किती काळ शोक करणार, असे देवाने शमुवेल संदेष्ट्याला विचारले तेही त्याला शोक करू दिल्यावर. आणि लगेच नव्या राजाच्या अभिषेकासाठी शिंगात तेल भरून निघायला सांगितले. दुःखी माणसाला ‘आता पुरे’ म्हणायचे असेल तर त्याच्यासाठी असे तेलाचे शिंग, म्हणजे करण्यासारखे खरे काम, आपल्या हाती आहे का ते आधी पाहावे.

शेवटी मंडळ्यांसाठी दोन सूचना. व्यसनातून, तुरुंगातून, वाईट संगतीतून नुकत्याच आलेल्या माणसाला लगेच व्यासपीठावर उभे करून साक्ष देववू नका. टाळ्यांसाठी भूतकाळ रंगवून सांगायची सवय लागली की तोच त्याची ओळख होऊन बसतो. वर्षभर त्याला सतरंज्या घालू द्या, गाऊ द्या, इतरांबरोबर बसू द्या. दुसरी सूचना रविवारच्या उपासनेबद्दल. पापांगीकाराची प्रार्थना एका सुरात म्हणून होते न होते तोच पेटी वाजू लागते. तिथे पूर्ण दोन मिनिटे, घड्याळ लावून, शांतता ठेवावी. पहिल्या रविवारी लोक चुळबुळतील, कुणी खोकेल, कुणी पाळकांना आठवण करायला पुढे येईल. चौथ्या-पाचव्या रविवारी ती दोन मिनिटे कुणाला तरी कमी पडू लागतील, आणि उपासना संपल्यावर तो पाळकांपाशी येऊन थोडा वेळ मागेल. तो वेळ त्याच दिवशी द्यावा.

आपला विश्वासू,
मंडळीत समुपदेशनाचे काम करणारा एक वाचक